अमेरिकेत डिटेन्शनमध्ये अडकलेल्या माणसाला त्याची औषधं मिळावीत म्हणून बडोद्याच्या काउंटरवरून काय काय करता येतं

पहिलंच सांगते, औषध कुरिअर करू नका. घरातला मुलगा नाहीतर नवरा तिकडे इमिग्रेशनवाल्यांकडून पकडला गेला आणि तो शुगरचा किंवा फिट्सचा पेशंट असला की घरचे धावत मेडिकलमध्ये येतात आणि म्हणतात बेन तीन महिन्यांचं बांधून द्या, आम्ही पाठवतो. ते पार्सल त्याच्या हातात पडत नाही. एकतर कस्टम्सला अडकतं, आणि समजा पोचलंच तरी डिटेन्शन सेंटरवाले बाहेरून आलेली गोळी आतल्या माणसाला देत नाहीत, तिथे गोळी मिळते ती तिथल्या डॉक्टरने लिहिलेली आणि तिथल्याच फार्मसीतून आलेली. मग आपण पाठवायची काय, तर माहिती, अशी पक्की माहिती की तिथला डॉक्टर ती वाचून लगेच ऑर्डर लिहू शकेल. आणि ती माहिती सगळ्यात नीट कुठे असते माहितीये का, आपल्या दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये. डॉक्टरची चिठ्ठी हरवते, फाइल गावच्या घरी राहते, पण त्याने दर महिन्याला काय नेलं, किती मिलिग्रॅमचं नेलं आणि शेवटचं कधी नेलं ते बिलात असतं.

हे मी मुख्यतः बडोद्यातल्या मराठी फार्मासिस्ट मंडळींसाठी लिहितेय, पण घरच्यांनीही वाचावं. आपल्याकडे हा विषय गुजराती शेजाऱ्यांचा म्हणून सोडून देतात. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकन लष्कराचं विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं त्यात ३३ जण गुजरातचे होते, त्यांचे काकामामा कारेलीबागेत, निजामपुऱ्यात, वाघोडिया रोडला राहतात आणि औषधं आपल्याच दुकानातून नेतात. शिवाय व्हिसा संपलेले, स्टुडंट म्हणून गेलेले असे आपले मराठी पोरंही यात असतात, घरचे बोलत नाहीत एवढंच.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, इमिग्रेशन डिटेन्शन ही तिथल्या कायद्यानेच शिक्षा नाही, ती सिव्हिल स्वरूपाची अटक आहे, माणूस फक्त त्याच्या केसचा निकाल लागेपर्यंत ठेवलेला असतो. त्यामुळे त्याला औषध मागताना कुणी उपकार मागत नाहीये. तिथल्या डिटेन्शन स्टँडर्ड्समध्ये स्पष्ट लिहिलंय की आल्यापासून १२ तासांत आरोग्याची पहिली विचारपूस झाली पाहिजे, १४ दिवसांत पूर्ण तपासणी झाली पाहिजे, आणि २०११ च्या स्टँडर्ड्सप्रमाणे जो माणूस औषधावर असल्याचं सांगतो त्याला जास्तीत जास्त २४ तासांत आरोग्य कर्मचाऱ्याने बघून गरजेच्या औषधाची सोय केली पाहिजे. कुठल्या सेंटरला कुठल्या सालची स्टँडर्ड्स लागू आहेत ते त्यांच्या करारावर ठरतं, बरीच सेंटर्स खासगी कंपन्या चालवतात, त्यामुळे कागदावरचं सगळीकडे होतंच असं नाही. म्हणून तर बाहेरून पाठपुरावा लागतो.

काउंटरवर काय विचारायचं

घरचे घाबरलेले असतात, एकदम पाच माणसं बोलतात. त्यांना आत बसवा, पाणी द्या, आणि तो कसा गेला, कुठल्या एजंटने नेला, किती पैसे दिले हे अजिबात विचारू नका. ते आपलं काम नाही आणि ते ऐकून आपल्या कागदात एक अक्षरही वाढणार नाही, उलट घरचे गप्प होतात. आपल्याला लागतं ते एवढंच: पासपोर्टवरचं नाव अक्षरशः जसंच्या तसं, जन्मतारीख, वजन अंदाजे, कुठले आजार, कुठल्या डॉक्टरकडे दाखवत होता, ॲलर्जी, आणि शेवटचा डोस कधी घेतला असेल. दुकान वेगळं असेल तर त्या दुकानात फोन करा, आपला हिशोब बाजूला ठेवून.

माहिती द्यायला त्या पेशंटची परवानगी हवी. तो आतून फोन करू शकतो तेव्हा घरच्यांनी त्याला विचारून घ्यावं, आणि जोपर्यंत तो फोन येत नाही तोपर्यंत कागद तयार करून ठेवावा पण तो फक्त त्याच्या वकिलाला किंवा सेंटरच्या मेडिकलला जाईल, फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. एचआयव्ही, मानसिक आजार, टीबी असलं काही असेल तर घरातल्यांनाही कधीकधी माहीत नसतं. कॉम्प्युटरमध्ये दिसलं म्हणून काकूंसमोर बोलून टाकू नका. आईला सांगा की मी थेट वकिलाशी बोलते.

आधी कुठलं औषध

घरच्यांना बीपीची गोळी आणि इन्सुलिन दोन्ही सारखीच वाटतात, आपल्याला तसं वाटून चालणार नाही. कागदाच्या वरच्या भागात ती औषधं यायला हवीत जी अचानक बंद झाली तर माणूस काही तासांत किंवा दिवसांत गंभीर होतो. टाइप वन डायबेटिसचं इन्सुलिन सगळ्यात वर, त्यात एक दिवससुद्धा खूप आहे. मग फिट्सची औषधं, अवयव बदललेल्याची इम्युनिटी दाबणारी औषधं, बरेच महिने चालू असलेलं स्टेरॉइड, हृदयात झडप बसवलेल्याचं रक्त पातळ करणारं औषध, नुकताच स्टेंट टाकलेल्याचं क्लोपिडोग्रेल, मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर, क्लोनिडिन, दम्याचा पंप, झोपेच्या आणि घाबरण्याच्या गोळ्या ज्या अचानक सोडल्या तर फिट येऊ शकते, लिथियम आणि सायकोसिसची औषधं. एचआयव्ही आणि टीबीमध्ये माणूस उद्या कोसळत नाही पण खंड पडला तर रेझिस्टन्स तयार होतो, म्हणून तीही वरच.

थायरॉइडची गोळी चार दिवस चुकली तर काही होत नाही, ती शरीरात आठवडाभर रेंगाळते. कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन, कॅल्शियम, गॅसची गोळी हे सगळं खाली. मी तर म्हणते व्हिटॅमिन लिहूच नका. तिथली नर्स वीस ओळींची यादी बघते आणि त्यातलं इन्सुलिन सोळाव्या ओळीला असतं, असं व्हायला नको.

कागद कसा बनवायचा

इथे आपलं खरं काम आहे, आणि हे काम घरचे, वकील, कॉन्सुलेट कुणीच करू शकत नाही.

आपल्याकडची ब्रँड नावं तिथे कुणाला कळत नाहीत. जेनेरिक नाव लिहायचं, पण तेही तिथलं. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, सालब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल, ग्लायबेनक्लामाइड तिथे ग्लायब्युराइड, रिफाम्पिसिन तिथे रिफाम्पिन, ॲड्रेनलिन तिथे एपिनेफ्रिन. दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहा, कारण पेशंट तोंडाने आपलं नाव सांगणार आणि नर्सच्या कॉम्प्युटरमध्ये दुसरं असणार.

दुसरं, आपल्या कॉम्बिनेशन गोळ्या. ग्लायकोमेट जीपी २ म्हटलं की आपल्याला लगेच समजतं, तिथे ते मेटफॉर्मिन ५०० एक्स्टेंडेड रिलीज आणि ग्लिमेपिराइड २ असं फोडून लिहावं लागतं. टेल्मा एएम म्हणजे टेल्मिसार्टन ४० अधिक ॲम्लोडिपिन ५. इकोस्प्रिन एव्ही म्हणजे ॲस्पिरिन ७५ आणि ॲटोर्वास्टॅटिन, आणि तिथे छोटी ॲस्पिरिन ८१ मिलिग्रॅमची येते, ते चालतं, तसं लिहून टाका म्हणजे कुणी अडून बसणार नाही.

तिसरं म्हणजे जी औषधं अमेरिकेत विकायलाच नाहीत. व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड, व्होग्लिबोज, सिल्निडिपिन, निकोरँडिल, ट्रायमेटाझिडिन, ही सगळी आपल्याकडे रोज खपतात आणि तिथे मिळत नाहीत. अशा वेळी नुसतं नाव लिहिलं तर उत्तर येतं की औषध उपलब्ध नाही, आणि विषय संपतो. म्हणून नावापुढे गट लिहा आणि कशासाठी ते लिहा: टेनेलिग्लिप्टिन, डीपीपी ४ गट, टाइप टू डायबेटिस, अमेरिकेत याच गटात सिटाग्लिप्टिन आणि लिनाग्लिप्टिन आहेत. डोस बदलून देऊ नका, कुठलं निवडायचं ते तिथला डॉक्टर ठरवेल, आपण त्याचा शोधण्याचा वेळ वाचवायचा.

ॲसिट्रॉम या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्या पेशंटबद्दल तर खास काळजी घ्या. त्यातलं ॲसिनोकुमारॉल तिथे नाही, वॉरफरिन आहे, आणि दोन्हीचे मिलिग्रॅम सारखे नाहीत, २ मिलिग्रॅमला २ मिलिग्रॅम असं कुणी केलं तर रक्त नीट पातळ होणार नाही. कागदावर ठळक लिहा की थेट बदलू नये, शेवटचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, एवढा होता, अमुक तारखेला, डॉक्टरने ठरवलेली रेंज ही, आणि झडप कुठली, कुठल्या साली बसवली.

एटिझोलाम हा नाजूक विषय आहे. आपल्याकडे टेन्शनच्या गोळीत सर्रास लिहिलं जातं, तिथे ते औषध म्हणून कधी मंजूरच झालं नाही आणि २०२३ मध्ये ते बंदी घातलेल्या ड्रग्जच्या यादीत टाकलं गेलं. पेशंट ते घेत असेल तर लपवू नका कारण अचानक बंद झाल्यावर त्रास होतो आणि डॉक्टरला कारण समजलं पाहिजे, पण कागद मेडिकलला पाठवण्याआधी वकिलाला दाखवा आणि सोबत इथल्या डॉक्टरची मूळ चिठ्ठी लावा म्हणजे दिसेल की हे रीतसर लिहून दिलेलं होतं.

आता इन्सुलिन, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. आपल्याकडची साधी बाटली ४० युनिट प्रति मिलिलिटरची, लाल टोपीची सिरिंज. अमेरिकेत बहुतेक सगळं १०० युनिटचं, नारिंगी टोपीची सिरिंज. आपला पेशंट वर्षानुवर्षं काय सांगतो, तर अर्धी सिरिंज सकाळी. १ मिलिलिटरच्या लाल टोपीच्या सिरिंजमध्ये अर्धी म्हणजे २० युनिट. तेच अर्धी १०० वाल्या सिरिंजमध्ये म्हणजे ५० युनिट, अडीच पट, आणि हा माणूस आत एकटा, भाषा येत नाही, रात्री शुगर ४० पर्यंत खाली गेली तर हाक मारायलाही जमणार नाही. म्हणून कागदावर डोस नेहमी युनिटमध्ये, आणि खाली एक ओळ की पेशंट भारतात यू ४० वापरत होता, सिरिंजच्या मापाने सांगितलेलं धरू नये. अजून एक घोळ, आपण मिक्सटार्ड ३०/७० म्हणतो तेच तिथे ७०/३० म्हणून ओळखतात, आपण आधी लवकर लागू होणारं मोजतो, ते आधी लांब चालणारं. इन्सुलिन तेच आहे, आकडे उलटे लिहिलेत. एका बाईंच्या नवऱ्याचा असा कागद करताना मी ही ओळ चौकटीत टाकली होती आणि त्याच्या वकिलाने मग फोनवर तीच ओळ पहिल्यांदा वाचून दाखवली.

नमुना द्यायचा तर एक ओळ अशी दिसावी: ह्यूमन इन्सुलिन ७०/३०, सकाळी २० युनिट, रात्री १४ युनिट, जेवणाआधी अर्धा तास, ६ वर्षांपासून, शेवटची खरेदी १२ मार्च, शेवटचं एचबीए१सी ८.१. महिना नेहमी अक्षरात लिहा. आपण ०४/०३ लिहिलं की आपल्यासाठी ४ मार्च, त्यांच्यासाठी ३ एप्रिल.

फिट्सच्या गोळीत सॉल्ट आणि प्रकार दोन्ही लिहा. एन्कोरेट क्रोनोसारख्या गोळीचं तिथे जवळचं रूप डायव्हॅलप्रोएक्स आहे पण हुबेहूब तीच गोळी नाही, म्हणून शेवटची फिट कधी आली होती आणि आधी कुठल्या औषधाने कंट्रोल झालं नव्हतं हेही द्या. टीबी असेल तर निक्षय आयडी, म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीचा नंबर, सुरू केल्याची तारीख, कितवा महिना, वजनाप्रमाणे रोज किती गोळ्या, आणि थुंकीचा शेवटचा रिपोर्ट. एसएसजी हॉस्पिटलमधून औषध चालू असेल तर केस पेपरचा फोटो घरच्यांना घेऊन यायला सांगा.

सगळं एका पानात, इंग्रजीत, टाइप केलेलं. खाली तुमचं नाव, गुजरात स्टेट फार्मसी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर, दुकानाचा लायसन्स नंबर, ईमेल. वर स्पष्ट लिहा की ही दुकानाच्या विक्री नोंदीवरून दिलेली माहिती आहे, प्रिस्क्रिप्शन नाही. आपलं लायसन्स तिथे चालत नाही आणि तसा आव आणला तर कागदाची किंमत जाते. सोबत दोन गोष्टी जोडा, गेल्या सहा महिन्यांची बिलं आणि इथल्या डॉक्टरचं लेटरहेडवरचं पत्र. डॉक्टरांकडे घरच्यांना नुसतं पाठवू नका, तुम्ही स्वतः फोन करून सांगा की काय लिहायला हवं, बिझी डॉक्टर अर्धी ओळ लिहून देतात: पेशंट माझ्या उपचाराखाली आहे. त्यात काहीच नसतं. निदान, कधीपासून, औषध बंद झालं तर नेमका काय धोका, एवढ्या तीन गोष्टी हव्यात.

आणि मागच्या तारखेचं बिल मागितलं तर देऊ नका. घरचे रडून मागतात, समजतं. पण एक खोटा कागद सापडला की खरे सगळे कागद वाया जातात, आणि त्याची पूर्ण केस अडचणीत येते.

तो आहे कुठे

आयसीई म्हणजे तिथलं इमिग्रेशनची धरपकड आणि डिटेन्शन बघणारं सरकारी खातं. त्याचं ऑनलाइन डिटेनी लोकेटर आहे, त्यात ए नंबर, म्हणजे तिथलं इमिग्रेशन परदेशी माणसाला देतं तो नंबर, आणि जन्माचा देश टाकला की सेंटर दिसतं. ए नंबर ९ आकडी असतो, कमी असला तर पुढे शून्य लावायचे. नंबर नसेल तर नावाने शोधता येतं पण नाव तंतोतंत जुळावं लागतं, आणि इथेच आपली गडबड होते, पासपोर्टवर रमेशभाई कांतिभाई असं सगळं असतं आणि घरचे नुसतं रमेश टाकतात. भाई, बेन, वडिलांचं नाव, सगळं पासपोर्टप्रमाणे टाकून बघा, आडनाव कुठल्या रकान्यात छापलंय तेही बघा. १८ च्या खालचे त्यात दिसत नाहीत. बॉर्डरवर नुकताच पकडलेला माणूस आधी बॉर्डर पोलिसांकडे असतो, त्यांच्याकडे सहसा ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये असा नियम आहे, पण पहिले एकदोन दिवस तो लोकेटरवर येत नाही. नाव दिसलं की त्याच सेंटरच्या पानावर फोन नंबर आणि भेटीच्या वेळा असतात. लोकेटर रोज बघा, माणसांना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवतात आणि घरच्यांना कुणी कळवत नाही.

आतल्या माणसाने काय बोलायचं

बाहेरून फोन आत लागत नाही, तोच बाहेर करू शकतो, आणि ते कॉल रेकॉर्ड होतात म्हणून फोनवर केसबद्दल बोलू नये, फक्त तब्येत. पहिला फोन आला की आई रडते, तोही रडतो आणि मिनिटं संपतात. म्हणून घरच्यांना आधीच एक चिठ्ठी लिहून द्या, फोनजवळ चिकटवायची. त्यात त्याला सांगायची वाक्यं: आय हॅव डायबेटिस. आय टेक इन्सुलिन एव्हरी डे. माय लास्ट डोस वॉज ऑन मंडे. आय नीड गुजराती इंटरप्रीटर. तुम्हाला हसू येईल पण चार साधी वाक्यं पाठ असली की माणसाला धीर येतो. दुभाषा मागणं त्याचा हक्क आहे, दुसऱ्या पकडलेल्या माणसाकडून आजार सांगायला लावलं तर त्याने नाही म्हणावं.

तोंडी सांगून थांबायचं नाही. सिक कॉलचा, म्हणजे मला मेडिकलला दाखवायचंय असं कळवायचा फॉर्म असतो, तो भरायचा, तारीख वेळ टाकायची, औषधाचं तिथलं नाव लिहायचं, आणि शक्य असेल तर कॉपी ठेवायची, नाहीतर निदान आपल्या वहीत नोंद करायची. उत्तर नाही आलं तर परत फॉर्म, मग ग्रीव्हन्स, म्हणजे लेखी तक्रार. गोळी देताना बदललेली दिसली तर नाव विचारायचं आणि फोनवर घरी सांगायचं, घरच्यांनी आपल्याला सांगायचं, आपण पाच मिनिटांत सांगू शकतो की ही तीच आहे का. निम्म्या वेळा तीच असते, रंग वेगळा असल्यामुळे त्याने घ्यायची बंद केलेली असते! हे फार होतं. डायबेटिसवाल्याने मेडिकल डाएटही मागावं.

सहीचा प्रश्न राहतोच. त्याच्या तब्येतीची माहिती सेंटरने घरच्यांना द्यावी यासाठी त्याची प्रायव्हसी वेव्हरवर सही लागते, आयसीईचा ६०-००१ नंबरचा फॉर्म. वकिलाला किंवा भेटायला जाणाऱ्या नातेवाइकाला तो घेऊन जायला सांगा. सही झाली की मेडिकल रेकॉर्डची कॉपी मागता येते, आणि ती मागाच, त्यात दिसतं की तो औषधावर आहे हे पहिल्या दिवशी लिहून घेतलं होतं की नाही.

कागद कुणाकडे जाणार

सगळ्यात आधी वकील. इमिग्रेशन केसमध्ये सरकार फुकट वकील देत नाही, स्वतः करावा लागतो, पण प्रो बोनो, म्हणजे फुकट काम करणाऱ्या संस्थांची यादी इमिग्रेशन कोर्ट स्वतः देतं आणि सेंटरमध्येही लावलेली असते. वकिलाने पाठवलेल्या कागदाकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं, आणि औषध मिळतच नसेल तर तब्येतीच्या कारणावर सोडण्याची मागणी किंवा फेडरल कोर्टात जाणं हे तोच करू शकतो. आपला एक पानी कागद त्या अर्जाचा पुरावा होतो, म्हणून त्यात अंदाज नको, प्रत्येक ओळीमागे बिल हवं.

मग सेंटरचं मेडिकल युनिट. तिथे हेल्थ सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेटर नावाचं पद असतं, फॅक्स किंवा ईमेल त्याच्या नावे. आयसीईच्या हेल्थ सर्व्हिसमध्ये फील्ड मेडिकल कोऑर्डिनेटरही असतात जे खासगी सेंटर्सवर लक्ष ठेवतात, वकिलाला त्यांच्यापर्यंत जायला सांगा. आयसीईची एक माहिती लाइन आहे, १-८८८-३५१-४०२४, सोमवार ते शुक्रवार त्यांच्या ईस्टर्न वेळेने सकाळी ८ ते रात्री ८, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाचपासून, हिवाळ्यात साडेसहापासून. टोल फ्री आहे पण तिथून, म्हणून तिकडच्या नातेवाइकाने लावावा.

तिकडचं कुणी नसेल तर शोधा. महाराष्ट्र मंडळं जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात आहेत, गुजराती समाज आहे, त्यात डॉक्टर आणि फार्मासिस्ट खच्चून भरलेत, आणि आपल्या एमएस युनिव्हर्सिटीच्या फार्मसीतून शिकून गेलेलेही कमी नाहीत. तिथलं लायसन्स असलेल्या फार्मासिस्टने मेडिकल युनिटला फोन करून म्हटलं की मी हा कागद बघितलाय, वॉरफरिनचं काय केलंत, तर त्या फोनला उत्तर मिळतं. आपल्या बॅचच्या ग्रुपवर नाव न घेता विचारा, कुणीतरी पुढे येतं. शिवाय तिकडचा नातेवाईक ज्या मतदारसंघात राहतो तिथल्या खासदाराचं ऑफिस आयसीईकडे विचारणा करू शकतं, हा मार्ग लोक विसरतात. तक्रारीच्या सरकारी ऑफिसांवर, म्हणजे होमलँड सिक्युरिटीचं सिव्हिल राइट्स ऑफिस आणि डिटेन्शन ओम्बुड्समन, फार विसंबू नका, मार्च २०२५ मध्ये तिथे जवळपास सगळी माणसं कमी केली गेली. तक्रार टाका, रेकॉर्ड राहतं, पण वाट बघत बसू नका.

कॉन्सुलेटबद्दल नीट वाचा. १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या ३६ व्या कलमाप्रमाणे पकडलेल्या परदेशी माणसाला आपल्या कॉन्सुलेटशी बोलायचा हक्क आहे आणि कॉन्सुलेट त्याला भेटू शकतं. घरचे इथून परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकू शकतात आणि आपला कागद जोडू शकतात. पण, त्याने तिथे असायलम मागितलं असेल, म्हणजे भारतात परत गेलो तर जिवाला धोका आहे असं म्हटलं असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय कॉन्सुलेटला एक अक्षर कळवू नका. असायलमची माहिती गुप्त ठेवायचा तिथे नियम आहे आणि आपल्या घाईमुळे ती उघडी पडायला नको. घरच्यांना अनेकदा माहीतच नसतं की त्याने काय अर्ज केलाय.

कुणी फोन करून म्हणालं की पन्नास हजार टाका, मी आत औषध पोचवतो, तर फोन ठेवून द्या. बऱ्याच सेंटर्समध्ये कमिसरी, म्हणजे आतलं छोटं दुकान असतं, तिथल्या खात्यात घरचे अधिकृतपणे पैसे टाकू शकतात, साधी दुखण्याची गोळी वगैरे त्यातून घेता येते. प्रिस्क्रिप्शनचं औषध नाही.

पाठपुरावा

एक साधी वही करा. कुणाला पाठवलं, कुठल्या तारखेला, कोण बोललं, काय म्हणालं. घरच्यांतला एकच माणूस फोन करेल असं ठरवा, पाच जणांनी पाच गोष्टी सांगितल्या की तिकडची नर्स वैतागते. इन्सुलिन, फिट्स, झडप अशा केसमध्ये रोज विचारा, बाकीच्यात दर दोनतीन दिवसांनी. बोलताना भांडू नका पण प्रश्न नेमका ठेवा: त्याला काल रात्रीचा डोस मिळाला का, किती युनिट, शुगर किती होती. नुसतं त्याची काळजी घ्या म्हटलं तर घेतोय असं उत्तर येतं.

दुसऱ्या सेंटरला हलवलं तर पुन्हा पहिल्यापासून कागद पाठवा. २०११ च्या स्टँडर्ड्समध्ये आहे की हलवताना निदान ७ दिवसांचं औषध सोबत द्यावं, टीबीचं १५ आणि एचआयव्हीचं ३० दिवसांचं, आणि मेडिकल समरीही जावी. वकिलाला हे आकडे माहीत असतातच असं नाही, तुम्ही आठवण करा.

परत आला तर

सोडताना किंवा परत पाठवताना डॉक्टरच्या ऑर्डरप्रमाणे ३० दिवसांपर्यंतचं औषध आणि समरी द्यायची असते. मिळालं तर बाटली फेकू देऊ नका, तिच्या लेबलवर नेमकं काय चालू होतं ते असतं. टीबीचा पेशंट असेल तर अमेरिकेच्या सीडीसीचा क्युअरटीबी नावाचा कार्यक्रम आहे, तो देश सोडणाऱ्या पेशंटची माहिती पुढच्या देशाला जोडून देतो, वकिलाने आधीच त्यात नाव घालायला सांगावं, आणि इथे आल्यावर निक्षयवर त्याची जुनीच नोंद पुढे चालवावी.

घरी आल्यावर घरचे जुनी पट्टी काढून लगेच पूर्वीचाच डोस सुरू करतात, तिथे त्यांना थांबवा. लॅमोट्रिजिनमध्ये जास्त दिवस खंड पडला असेल तर परत कमी डोसपासून चढवावं लागतं नाहीतर अंगावर भयंकर पुरळ उठू शकतं. क्लोझापिन दोन दिवसांपेक्षा जास्त चुकलं तरी परत कमी डोसपासूनच चढवावं लागतं. ॲसिट्रॉमवाल्याने तिथे वॉरफरिन घेतलं असेल तर दोन्ही एकत्र घेऊ नये, आधी आयएनआर, मग डॉक्टर. इन्सुलिनवाल्याचं वजन महिन्याभरात बरंच उतरलेलं असतं, जुना डोस जास्त पडतो, आणि तिथून नारिंगी टोपीची सिरिंज सोबत आणली असेल तर ती आपल्या ४० च्या बाटलीला लावायची नाही, बाजूला काढून ठेवायला सांगा आणि लाल टोपीच्या नव्या सिरिंजवर डोस किती ते त्याला स्वतःला हातात घेऊन दाखवा.